इंजिनाचा खरा रंग



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्याख्यानमालांनी संतवाङ्मय ऐकले, इतिहास ऐकला, अर्थकारण आणि राजकारणही ऐकले. त्या पंक्तीत जुन्या मोटारीच्या इंजिनाला कोणता रंग द्यावा हा विषय शोभतो का, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती आमच्याही मनात आली होती. परंतु विचारान्ती आम्हांला असे वाटले की, जुन्या वस्तूशी कसे वागावे हा प्रश्न देवळाच्या घुमटापुरता किंवा किल्ल्याच्या तटापुरता नाही. आमच्या पिढीने वापरलेल्या, आमच्या अंगणात उभ्या असलेल्या यंत्रांनाही तो लागू आहे. आणि त्या यंत्रांच्या बाबतीत आपण किती बेफिकीर असतो, हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने जाणतो. आजचे व्याख्यान म्हणजे एका अर्थाने आमच्या एका चुकीची कबुली आहे.

राईतल्या आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तीत आमच्या मामांची १९६६ सालची फियाट अनेक वर्षे उभी होती. मामांनी ती हौसेने घेतली, जिवापाड जपली आणि डोळे अधू झाल्यावर नाइलाजाने झाकून ठेवली. मामा गेले आणि गाडी आमच्याकडे आली. आपल्या या बाजूची हवा आपणांस ठाऊकच आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि सभोवती मिठागरांची जमीन. सायकल एक पावसाळा उघड्यावर राहिली तर तिची साखळी तांबूस होते. तेथे इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे काय झाले असेल याची कल्पना करावी.

आम्ही उत्साहाने कामाला लागलो. बॉनेट उघडले तो आत सगळे काळे, तेलकट आणि चिकट. आमच्या शहाण्या डोळ्यांना ती घाण दिसली. तारेचा ब्रश घेतला, कॉस्टिक सोड्याचे पाणी केले, आणि चार रविवार खपून इंजिनाचे अंग अगदी धातूपर्यंत स्वच्छ केले. नंतर बाजारातून चंदेरी रंगाचे डबे आणले आणि ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड, नट-बोल्ट, असेल नसेल त्या सर्वांवर तो रंग फासला. संध्याकाळच्या उन्हात इंजिन असे चमकले की, शेजारचे पाहायला आले.

त्यानंतर काय झाले तेही सांगितले पाहिजे. इंजिन सुरू करताच एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा रंग जळून घरभर धूर झाला आणि पंधरा दिवसांत त्याचे पापुद्रे गळू लागले. सेल्फ अधूनमधून उचलेनासा झाला. कारण अर्थची पट्टी जेथे उघड्या धातूला टेकायची, तेथे आम्ही रंगाचा थर दिला होता आणि विजेची वाट अडवली होती. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियमचे हेड काळवंडले होते. ते चंदेरी रंगाखाली झाकले गेले एवढेच. पण खरा धक्का याहून वेगळा होता. ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही मोठ्या अभिमानाने गाडी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ इंजिन न्याहाळले आणि एवढेच विचारले, "साहेब, याचा मूळचा रंग कोणता होता?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. मिस्त्री म्हणाले, "मग तुम्ही गाडीची जबानी घेण्याआधीच तिचे तोंड बंद केलेत."

त्या एका वाक्याने आम्हांला जे शिकवले, तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम ही गाडी कोणती आणि तिचा आपल्याशी संबंध काय, हे पाहू. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली मोटार बाहेर पडली, ती अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी येथे तयार होऊ लागली. १९६४ साली तिचे 'डिलाइट' हे रूप आले. आमच्या मामांची गाडी त्यातलीच. १९७४ पासून याच गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती हीच. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली.

याचा अर्थ असा की, जी वस्तू कालपरवापर्यंत हजारोंच्या संख्येने होती आणि म्हणूनच जिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, ती आता दुर्मिळ होत आहे. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस गाड्यांची चिंता करणारे पुष्कळ आहेत. मध्यमवर्गाच्या आणि टॅक्सीवाल्याच्या गाडीची चिंता मात्र आपणांसच केली पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे वळू. इंजिनाच्या भागांना रंग मुळात देतात कशासाठी? शोभा हे कारण फार खालचे. रंग, मुलामा आणि मुद्दाम उघडा ठेवलेला धातू, या तिघांनाही कारखान्यात काही ना काही काम नेमून दिलेले असते. आपल्या घरातले उदाहरण घ्या. पितळेच्या पातेल्याला कल्हई आतून करतात. कारण आंबट पदार्थाशी संबंध आतल्या बाजूचा येतो. बाहेरून ते चिंचेने घासतात. विळ्याचे पाते उघडे असते, मूठ मात्र लाकडाची. सर्वांना एकच चकाकी द्यावी असे कोणतीही शहाणी गृहिणी म्हणणार नाही. मोटारीच्या इंजिनाचा न्याय हाच आहे.

फियाट ११०० चे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. त्याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो, आणि हवेत मीठ असेल तर तो अधिक वेगाने चढतो. म्हणून ब्लॉकला रंग. हा रंग इनॅमल जातीचा, तेल आणि पेट्रोल यांना दाद न देणारा आणि इंजिनाची उष्णता सोसणारा असावा लागतो. तो पातळ असावा लागतो, कारण जाड थर उष्णता कोंडतो आणि लवकर तडकतो.

ब्लॉकवरचे हेड मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. ॲल्युमिनियमवर हवेमुळे आपोआपच एक अतिसूक्ष्म पापुद्रा बनतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. म्हणून असे भाग सामान्यतः उघडेच ठेवले जात. त्यांचा मूळ रंग म्हणजे ओतकामातून निघालेला मंद, किंचित राखी असा धातूचाच रंग. त्याला आरशासारखे पॉलिश करणे जितके खोटे, तितकेच चंदेरी रंग फासणेही खोटे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचाच असतो, पण त्यातून जळालेले वायू जातात आणि तो कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. तेथे साधा रंग टिकणे शक्यच नाही. म्हणून जुन्या गाड्यांत हा भाग बहुधा उघडाच असे आणि थोड्याच दिवसांत त्याला तपकिरी गंजाची झाक येई. एअर क्लीनरसारख्या पत्र्याच्या भागांना भट्टीत भाजलेला रंग असे. आणि नट-बोल्ट, क्लिपा, छोट्या नळ्या यांना रंग नसून जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असे, नाहीतर फॉस्फेटची काळपट प्रक्रिया केलेली असे. जस्त हे स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. काही मुलाम्यांवर जी पिवळसर, इंद्रधनुषी झाक दिसते, ती क्रोमेटच्या द्रावणात बुडवल्याची खूण होय.

आपल्या लक्षात आले असेल की, चांगल्या जुन्या इंजिनाकडे पाहिले असता एक रंग दिसत नाही, पाच-सहा पोत दिसतात. कोठे रंगाचा मंद तजेला, कोठे राखी ॲल्युमिनियम, कोठे तपकिरी लोखंड, कोठे काळा पत्रा, कोठे जस्ताची फिकट झळाळी. जाणता माणूस त्यावरून प्रत्येक भाग कशाचा आणि कोणत्या कामाचा, हे वाचू शकतो. आम्ही चंदेरी डब्याने ही सगळी अक्षरे एका फटकाऱ्यात पुसून टाकली होती.

आता आपण म्हणाल, एवढे कशाला? परदेशात पुस्तके आहेत, त्यांत रंग दिलेले आहेत, ते पाहून रंग द्यावा. हा मार्ग सोपा खरा, पण फसवा आहे. परदेशात या बाबतीत पुष्कळ अभ्यास झाला आहे यात शंका नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीची इंजिने १९६६ पासून निळ्या रंगाने ओळखली जात, शेव्हरलेची व्ही-आठ इंजिने नारिंगी रंगाने, आणि ब्रिटनमधील बीएमसीची अनेक इंजिने हिरव्या रंगाने. इतकेच नव्हे, तर अमेरिकेतील कित्येक कारखान्यांत इंजिन जोडून झाल्यावर एकदम फवारा मारीत. त्यामुळे बोल्टांच्या डोक्यांवर, गॅस्केटच्या कडांवरही तोच रंग उडालेला असे. तेथील जाणकार आज ते उडालेले शिंतोडेही जसेच्या तसे राखतात, ते उगीच नव्हे.

परंतु कुर्ला म्हणजे डेट्रॉइट नव्हे आणि ट्यूरिनही नव्हे. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारचे धोरण असे होते की, परदेशी भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांनी हळूहळू ते भाग येथेच बनवावेत. १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर हे धोरण कडक झाले. ज्यांना ते मान्य नव्हते ते परत गेले. शिवडीला १९२८ पासून चालणारा जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना १९५४ साली बंद झाला. जे राहिले त्यांनी एकेक भाग देशी करीत नेला. म्हणून १९५५ सालच्या गाडीत जो बोल्ट इटलीहून आला असेल, तो १९७० सालच्या गाडीत आपल्याच एखाद्या लहान कारखान्यात झालेला असणार, आणि त्याचा मुलामाही निराळा असणार. रंगाचेही तेच. तेव्हा इटालियन पुस्तक पाहून कुर्ल्याचे इंजिन रंगवणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवरून आपले भविष्य पाहण्यासारखे आहे. आपल्या इंजिनाचा रंग आपल्या इंजिनालाच विचारावा लागतो.

तो कसा विचारावा? जी पद्धत आम्ही पुढे मिस्त्रींकडून आणि वाचनातून शिकलो, ती थोडक्यात सांगतो.

पहिला नियम, घाईने काही धुऊ नये. इंजिनावरची तेलाची चिकट पुटे आपल्याला घाण वाटतात; वस्तुतः तीच मूळ रंगाची सर्वांत चांगली राखणदार असतात. त्यांच्याखाली ना हवा पोचते, ना खारे पाणी. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी प्रत्येक बाजूने छायाचित्रे काढावीत, आणि ती दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन रंग उन्हात निराळे दिसतात, हा अनुभव साडी खरेदी करणाऱ्या भगिनींना वेगळा सांगायला नको.

दुसरा नियम, आडोशाच्या जागा शोधाव्यात. डायनॅमोच्या ब्रॅकेटच्या मागे, इंजिनाच्या फाउंडेशनच्या पट्ट्यांखाली, नंबराच्या पत्र्याच्या मागे, पेट्रोल पंपाच्या बैठकीपाशी. येथे आणखी एक गंमत आहे. एखादा भाग काढल्यावर त्याच्या बैठकीखाली रंग सापडला, तर आधी रंग दिला आणि नंतर तो भाग बसवला असे समजावे. बैठकीखाली उघडा धातू आणि भोवती रंगाची स्पष्ट रेघ असेल, तर भाग आधी बसला आणि फवारा नंतर आला. म्हणजे नुसता रंगच नव्हे, तर कारखान्यातल्या कामाचा क्रमही ते इंजिन सांगते.

तिसरा नियम, थर मोजावेत. संशय असेल तेथे नाण्याएवढ्या जागेवर अगदी बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल फिरवावा. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांप्रमाणे एकाभोवती एक अशी रंगाची कडी दिसू लागतात. सर्वांत आतले कडे धातूचे, त्यालगत अस्तर असेल तर अस्तर, मग मूळ रंग, मग पुढच्या मालकांच्या हौशी. उष्णतेने आणि तेलाने वरचा भाग पिवळसर, काळपट झालेला असतो. म्हणून रंग जुळवायचा तो झाकलेल्या, न तापलेल्या जागेवरच्या नमुन्याशी.

चौथा नियम, लिहून ठेवावे. कोणत्या भागावर काय सापडले, कोठे सापडले, इंजिनाचा नंबर काय, गाडी कोणत्या सालची. एका गाडीची नोंद म्हणजे एक गोष्ट. दहा गाड्यांच्या नोंदी जमल्या म्हणजे त्याला इतिहास म्हणता येते.

यानंतर सफाई आणि रंगकाम. त्यातल्या धोक्यांविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण छंदापायी कोणी आजारी पडू नये. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या रंगांत शिशाची संयुगे असत. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा धरू नये. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ फुफ्फुसात जाते, आणि लहान मुलांना तर ती फारच घातक. म्हणून घासायचे ते ओले, तोंडावर योग्य मास्क लावून, आणि मुलांना दूर ठेवून. वाळूचा फवारा मारून सफाई करणे सर्वांत वाईट. त्या धुळीने सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. शिवाय एखादा कण तेलाच्या वाटेत अडकून राहिला तर नवे बेअरिंग खाऊन टाकतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, हे तर आम्ही पदरचे हेड खर्च करून शिकलो. रॉकेल, मऊ ब्रश, साबणाचे पाणी आणि सबुरी, ही हत्यारे हळू चालतात पण नुकसान करीत नाहीत.

रंग देताना ब्लॉकच्या ओबडधोबड अंगावर लांबी भरून तो गुळगुळीत करू नये. वाळूच्या साच्यातून निघालेल्या लोखंडाचा तो खरखरीतपणा ही त्याची जन्मखूण आहे. दोन भाग जेथे एकमेकांवर बसतात तेथे, आणि अर्थच्या पट्टीखाली, रंग लावू नये. नंबर कोरलेल्या जागेला तर कानस किंवा जाड रंग कधीही लावू नये. परिवहन कार्यालयात त्या नंबरांची पेन्सिलीने छाप घेतात. तो उमटला नाही तर आपली खरी गाडीही संशयास्पद ठरेल.

आता एका अडचणीच्या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. राईच्या खाऱ्या हवेत मूळचे मूळ ठेवणे परवडते का? उघडा मॅनिफोल्ड गंजणार, जुना मुलामा झिजणार. मग सगळे नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे का बसवू नयेत? भाईंदरला स्टेनलेस स्टीलचे काम करणाऱ्यांची वाण नाही. मोह मोठा आहे. पण स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवला आणि मध्ये खारट ओल शिरली, तर दोन धातूंमध्ये विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. त्यात बोल्ट साजूक राहतो आणि झिजते ते ॲल्युमिनियम. म्हणजे चार रुपयांचा बोल्ट वाचतो आणि न मिळणारे हेड जाते. त्यापेक्षा जस्ताचा मुलामा दिलेला साधा बोल्ट बरा. तो स्वतः झिजेल, पण घर राखील.

तथापि मूळपणाचाही अट्टाहास होऊ नये. कॅडमियम विषारी आहे. पूर्वीच्या पिवळ्या झाकेसाठी जे क्रोमियमचे संयुग वापरीत, ते कर्करोगाला कारण होते. केवळ हुबेहूब दिसावे म्हणून मुलाम्याच्या कारखान्यातल्या कामगाराला ते विष हाताळायला लावणे आम्हांला मान्य नाही. आता कमी घातक द्रावणांनी बरीचशी तशी झाक येते. तीवर समाधान मानावे आणि आपण काय बदलले ते नोंदवहीत लिहावे. मॅनिफोल्डला उष्णता सोसणारा मंद राखी रंग दिला तरी चालेल, मात्र तो मूळचा होता असे सांगू नये. जुन्या वाहनांच्या संस्थांच्या जागतिक महासंघाने गेल्या दशकाच्या आरंभी 'ट्यूरिन सनद' म्हणून जी तत्त्वे मान्य केली, त्यांचा आशय हाच आहे: शक्य तेथे राखा, गरज तेवढेच बदला, आणि जे बदलले ते ओळखता येईल असे ठेवा. फियाटच्या जन्मगावाचे नाव त्या सनदेला मिळावे, हा योगायोग आम्हांला मोठा गोड वाटतो.

आपल्या कायद्यानेही आता या गोष्टीची दखल घेतली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या खाजगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांचा निराळा नंबर मिळू शकतो. नियमात इंजिनाच्या रंगाची छटा लिहिलेली नाही, आणि ती असू नये. पण 'मूळ स्वरूप' हे दोन शब्द ज्या दिवशी सरकारी कागदावर आले, त्या दिवसापासून मूळ स्वरूप म्हणजे काय, हे सांगण्याची जबाबदारी आपल्यासारख्या मालकांवर आणि कारागिरांवर येऊन पडली.

शेवटी पुन्हा मामांच्या गाडीकडे येतो. मिस्त्रींच्या त्या वाक्यानंतर आम्ही इंजिन पुन्हा खोलले. या वेळी तारेचा ब्रश बाजूला ठेवला. मिस्त्री दर रविवारी येत, स्टुलावर बसत आणि आम्हांला हात आवरायला सांगत. चंदेरी रंग हळूहळू उतरवला, पण त्याखाली आमच्याच घासाघाशीने उजळलेला धातू. एक बाजू झाली, दुसरी झाली. आम्ही आशा सोडली होती. तिसऱ्या रविवारी डायनॅमोचा ब्रॅकेट काढला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात, जेथे आमचा ब्रश पोचला नव्हता तेथे, तेलाच्या पुटाखाली नखाएवढा रंगाचा तुकडा सापडला. मिस्त्रींनी रॉकेलचा बोळा त्यावरून अलगद फिरवला आणि आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. साठ वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात कोणा अनामिक कामगाराने दिलेला तो हात होता.

तो रंग कोणता, असे आपण विचाराल. आम्ही तो या व्यासपीठावरून मुद्दाम सांगत नाही. सांगितला, तर उद्या कोणीतरी आपल्या गाडीचे अंग न तपासता तोच रंग फासील आणि आमचे नाव पुढे करील. आमच्या एका इंजिनाचा तो रंग होता, एवढेच आम्हांला माहीत आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी घरी यावे. बाकी ब्लॉक आम्ही त्या नमुन्याशी जुळवून रंगवला, पण ब्रॅकेटमागचा तो नखाएवढा तुकडा जसाच्या तसा ठेवला आहे. त्यावर आमचा हात फिरलेला नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी, वाडीत, गोठ्यात अशी एखादी जुनी गाडी, स्कूटर, भाताच्या गिरणीचे इंजिन किंवा मचव्याचे इंजिन पडले असेल, तर आमची एवढीच विनंती आहे. ते भंगारात देण्याआधी किंवा चकचकीत करण्याआधी एकदा उजेडात पाहा, त्याची छायाचित्रे घ्या, आणि ज्यांनी त्यावर हात चालवला ते वृद्ध मिस्त्री हयात असतील तर त्यांना चहाला बोलावून विचारा. लोखंडावरचा रंग तेलाखाली साठ वर्षे टिकतो. माणसाच्या स्मरणाला तेवढी मुदत मिळेलच असे नाही. आमचे मिस्त्री आता येत नाहीत. त्यांनी सांगितलेले जे आमच्या वहीत उतरले तेवढेच राहिले. जे विचारायचे राहून गेले, ते त्यांच्याबरोबर गेले.